शह बसल्यावरची उडी

नर्सबाई मोहरं उचलायच्या आणि ते लगेच पटावर ठेवायच्या नाहीत. दोन बोटांत धरून त्याच्याकडे बघत राहायच्या आणि मग समोरच्याला विचारायच्या, "पण हे असंच का?" समोरच्याला वाटायचं, बाई आपल्या खेळीबद्दल विचारताहेत. तो बिचारा गोंधळून म्हणायचा, "चुकलं का काही?"

"तुमचं नाही हो," बाई म्हणायच्या, "नियमाचं म्हणते मी."

बुद्धिबळ खेळणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. काही जिंकायला खेळतात, काहींना नुसती दुपार ढकलायची असते. खेळाचे नियम बरोबर आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी खेळणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि त्या माणसाचं पोटापाण्याचं काम बाळंतपणं करण्याचं होतं.

हे सगळं पनवेलचं, स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतलं. मी तेव्हा एका भाताच्या गिरणीत कारकून होतो. गिरणीच्या मालकांना सगळं गाव शेठ म्हणे. गावात एक धर्मादाय सूतिकागृह होतं, त्याचे शेठ अध्यक्ष. त्यामुळे सूतिकागृहाची पत्रं लिहिणं, औषधं मागवणं, कंदिलांना रॉकेल पुरतंय की नाही ते बघणं हेही माझ्याच गळ्यात आलं होतं. डॉक्टर सकाळी एक फेरी मारून जात. बाकीचा सगळा वेळ सूतिकागृह म्हणजे नर्सबाई आणि त्यांच्या हाताखालची आया चांगुणा.

सूतिकागृहाला पुढे लांबट ओटी होती. बायका आत, नवरे ओटीवर. खाडीकडच्या गावांतून, मिठागरांवरून, डोंगराच्या बाजूने बैलगाडी जोडून लोक येत. आत बायको कण्हत असायची आणि बाहेर नवरा विडीवर विडी ओढत असायचा. बाई आल्या तेव्हा त्यांना पहिली अडचण जाणवली ती या नवऱ्यांची. ते दर थोड्या वेळाने आत डोकवायचे, चांगुणाला पिडायचे, एखादा रडायचा. बाईंनी आपल्या ट्रंकेतून बुद्धिबळाचा पट काढला आणि ओटीवर मांडला. हातातलं काम उरकलं की त्या येऊन बसायच्या आणि नवऱ्याला म्हणायच्या, "बसा इथे. हा हत्ती. हा सरळ जातो. बायकोला अजून अवकाश आहे."

मोहरी लाकडाची होती, रंग उडालेली. एक उंट हरवला होता, त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच होतं. पहिलटकर नवरे त्या बुचालाच फार घाबरायचे. ते कसं चालतं हे त्यांच्या लक्षातच राहायचं नाही.

खेळ बाई वडिलांकडून शिकल्या होत्या. वडील पोस्टात होते. पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले आणि हातही चालेनासे झाले. ते पडल्या पडल्या खेळी सांगायचे आणि बाई हलवायच्या, त्यांचीही आणि आपलीही. "दोन्हीकडची मोहरी मीच हलवायची," बाईंनी मला एकदा सांगितलं, "त्यामुळे कुणा एका बाजूची होऊन खेळायची सवयच लागली नाही. खेळाच्याच बाजूने बघायची सवय लागली."

आपल्याकडे तेव्हा देशी पद्धतीने खेळत. आताच्या पोरांना ते ठाऊक नसेल म्हणून सांगतो. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे सरकायचं. पलीकडच्या शेवटच्या रांगेत पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तेच व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. साहेबी, म्हणजे इंग्रजी खेळात असतो तसा हत्तीच्या आडोशाचा कोट राजाला करता यायचा नाही. त्याऐवजी सबंध डावात एकदाच त्याला घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता यायची. अट एवढीच, की त्याआधी त्याला शह बसलेला नसावा. एकदा शह बसला की उडीचा हक्क गेला.

यातलं बरंचसं बाईंना मान्य नव्हतं.

"एवढं मरतमरत प्यादं शेवटच्या घरात पोचतं," त्या म्हणायच्या, "आणि तिथे गेल्यावर त्याला सांगायचं की हे घर उंटाचं, तू उंट हो. त्याला काय व्हायचंय ते विचारायला नको?"

मी म्हटलं, "बाई, साहेबी खेळात तसंच आहे. प्यादं हवं ते होतं."

"मग तेवढं त्यांनी बरोबर केलंय," बाई म्हणाल्या. "पण त्यांचं प्यादं सुरुवातीलाच दोन घरं पळतं म्हणे. ते मला पटत नाही. जन्मल्या जन्मल्या पळायचं कशाला?"

पण त्यांचं खरं भांडण राजाच्या उडीशी होतं. ते त्यांच्या डोक्यात कायम चालू असायचं. मी पत्रावर सही घ्यायला गेलो की कपडे वाळत घालता घालता त्या मला अडवायच्या. "हे बघा, शह बसेपर्यंत राजाला उडी मारता येते. पण तोवर तो सुखात असतो, उडीची गरज काय? शह बसला, आता उडीची गरज आहे, तर नेमका हक्क गेला. हा कुठला न्याय? उडी शह बसल्यावर हवी. एकदाच, पण अडचणीत सापडल्यावर."

मी हे शेठना सांगितलं, कारण शेठही या खेळाचे नादी. गावातल्या वाचनालयाचेही तेच प्रमुख होते, आणि दसऱ्याच्या सुमाराला तिथे बुद्धिबळाचे सामने भरायचे. शेठ हसले. म्हणाले, "शह बसल्यावर उडी दिली तर मात व्हायची कशी? राजे बेडकासारखे सुटतील." मी हा निरोप बाईंना पोचवला. त्या हातातलं पातेलं तसंच ठेवून गिरणीवर आल्या.

"एकदाच उडी आहे, शेठ," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वेळी मात होईलच की. पण त्या एका वेळी हरणाऱ्याला वाटेल की अजून काही आहे. लोक डाव अर्ध्यावर टाकतात ते टाकणार नाहीत."

शेठ माणूस मोकळ्या मनाचा. ते म्हणाले, "असं करा. डाव खेळून बघा. चार-दोन नव्हे, भरपूर. उडीने खेळ सुधारतो की नासतो ते मला दाखवा. सुधारत असेल तर या दसऱ्याला सामने तुमच्या नियमाने."

त्या दिवशी बाई गिरणीच्या पायऱ्या उतरताना जवळजवळ धावत होत्या. मला हे नीट आठवतं, कारण एरवी त्यांची चाल फार संथ होती.

मग ओटीवर नियम तपासणं सुरू झालं, आणि लगेच अडलंही. नवरे उपयोगाचे नव्हते. "ज्याची बायको आत कळा देते आहे," बाई माझ्याकडे तक्रार करायच्या, "त्याचा राजा मुळात उडीपर्यंत टिकतच नाही. तो वजीर फुकट घालवतो आणि दाराकडे बघत बसतो. यावरून नियम कसा ठरवायचा? मला एक शांत नवरा हवा आहे."

तो शांत नवरा म्हणजे जोमा.

जोमा खाडीकाठच्या गावचा, मिठागरावर कामाला. त्याच्या पहिल्या मुलाच्या वेळी बाईंनी त्याला मोहऱ्यांची नावं शिकवली होती. दुसऱ्याच्या वेळी तो डाव पुरा करायला शिकला. मधल्या काळात त्याने गावात भाऊबंदांना शिकवून पावसाळ्यात, मिठागरं बंद असताना, चांगला हात बसवला. आता तिसऱ्या खेपेला तो बायकोला घेऊन भरतीच्या पाण्यावर होडीने आला, तिला आत पोचवली आणि ओटीवर मांडी घालून म्हणाला, "काहाडा बाय पट. ह्या खेपेला मी तुमाना सोराचा नाय."

बाईंनी त्याला नवा नियम समजावून दिला. तो थोडा विचार करून म्हणाला, "बेस हाय." दोघं खेळायला बसली.

त्या दुपारी मी तिथे नव्हतो. काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या कचेरीत कळलं, बाईंच्याच तोंडून. त्या आल्या तेव्हा शेठ नुकतेच येऊन टेकले होते. शेठ म्हणाले, "या बाई, बसा." बाई बसल्या नाहीत.

"शेठ, माझ्याविरुद्ध एक तक्रार आहे."

"कुणाची?"

"माझीच."

शेठनी चष्मा काढून ठेवला. मी उठून बाहेर जायला निघालो, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा. तुम्हालाही कळायला हवं."

त्यांनी उभ्यानेच सांगितलं. जोमाच्या बायकोला त्यांनी तपासलं होतं, अजून अवकाश होता. डाव रंगला. उन्हं कलली तेव्हा जोमाने शह दिला, आणि असा की नव्या नियमाची खरी परीक्षाच. उडी मारली तर राजा सुटतो, पण सुटून पुढे टिकतो की दोन खेळ्यांत पुन्हा सापडतो, हे बघायचं होतं. अशी जागा बाईंना इतक्या डावांत मिळाली नव्हती.

"चांगुणा दारात आली. 'बाय, चला' म्हणाली. मी म्हटलं, आले. ती आत गेली, परत आली. मी म्हटलं, आले. तिसऱ्यांदा ती आली नाही, आतूनच हाक मारली. मी आले म्हणाले आणि उडी मारली." त्या पुढे म्हणाल्या, "उडी मारली आणि जोमा काय खेळतो ते बघत बसले. मूल रडल्याचं ऐकलं तेव्हा उठले."

बाहेर गिरणीचा पट्टा चालू होता.

"नाळेचा वेढा होता गळ्याभोवती," बाई म्हणाल्या. "चांगुणाने बोट घालून सोडवला. मी करते ते तिने बघितलेलं होतं म्हणून. मी आत गेले तेव्हा मूल तिच्या पदरात होतं."

शेठनी विचारलं, "पण आता? बाळ-बाळंतीण?"

"दोघी बऱ्या आहेत. मुलगी आहे."

शेठनी मोठा श्वास सोडला. "मग झालं तर, बाई. तुम्ही मला घाबरवलंत. इतकी वर्षं तुम्ही राबताय, एखादे वेळी व्हायचंच असं. नशीब म्हणायचं आणि सोडून द्यायचं."

"मला काहीतरी शिक्षा करा."

"शिक्षा कसली करायची? बाळ-बाळंतीण सुखरूप असताना नर्सला शिक्षा करायची असा काही नियम नाही आपल्याकडे."

"मग करा तसा नियम," बाई म्हणाल्या.

शेठना वाटलं बाई नेहमीसारखं सुधारणेचं बोलताहेत. ते हसले, आणि मग हसू नये हे त्यांच्याही ध्यानात आलं. बाईंचा चेहरा लाल झाला होता, डोळे खाली. त्या नमस्कार करून निघून गेल्या. शेठ मला म्हणाले, "हे बाहेर कुठे बोलू नका." मी बोललो नाही. पण बोललो असतो तरी गावाने ऐकलं नसतं. जोमा स्वतःच बाजारात सांगत हिंडत होता की बाईंच्या हाताने आपल्याला लक्ष्मी दिली.

त्याने बारशाचं बोलावणं केलं. बाई नको नको म्हणत होत्या. चांगुणा म्हणाली, "नाय गेल्याव तं वायट दिसल बाय." शेठच्या वतीने खण-नारळ घेऊन मलाही जायचं होतं, म्हणून आम्ही तिघं भरतीच्या वेळी होडीने निघालो. दोन्हीकडे मिठाचे ढीग चमकत होते. चांगुणा आपली होडीवाल्याशी नातेवाइकांच्या चौकशा करत होती.

गावात मांडव घातला होता. तांदळाच्या भाकऱ्यांचा वास सुटला होता. बायकांनी बाईंना पुढे नेऊन पाळण्यापाशी बसवलं. जोमाच्या आईने त्यांची ओटी भरायला घेतली तशा बाई उठून उभ्या राहिल्या.

"माझी नको," त्या म्हणाल्या. "हे बाळंतपण मी केलेलं नाही. चांगुणाने केलं. मी बाहेर पटावर बसले होते."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. चांगुणाने पदर तोंडाशी धरला. जोमा पुढे आला आणि हसत म्हणाला, "बाय, काय बोलताव. मी पन बसलोच व्हतो ना? पोर बरी हाय, तिची आयस बरी हाय. आनखी काय पायजे?"

हे म्हणजे शेठचंच बोलणं जोमाच्या तोंडून आलं. मला वाटलं, आता हे इथेच मिटेल. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली जोमाची बायको बोलली. ती बारीकशी, अजून अशक्त, आवाजही लहानच.

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "मी आतशीन आयकत व्हते. तुमी 'आले' बोललाव, मना वाटला येताव. मंग परत बोललाव 'आले'. तवा मना भेव वाटला."

ती रागाने बोलत नव्हती. जे झालं ते सांगत होती.

"कोनी इचारला नाय मना," ती म्हणाली.

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. शेठनी क्षमा करून टाकली होती, जोमाला तर क्षमा करण्यासारखं काही वाटलंच नव्हतं, आणि मी मनातल्या मनात प्रकरण मिटवलं होतं. त्या आतल्या खोलीत पडून कोण काय ऐकत होतं, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. बाईंच्याही आलं नसावं, असं त्यांच्या तोंडाकडे बघून मला वाटलं. त्या चांगुणाच्या, मुलीच्या, नाळेच्या विचारात होत्या. जोमाच्या बायकोला तीन वेळा आपला आवाज ऐकू गेला होता, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

बाई तिच्याजवळ जाऊन खाली बसल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. फार काही बोलल्या नसाव्यात. थोड्या वेळाने जोमाच्या बायकोने मुलीला उचलून त्यांच्यापुढे धरलं. "घ्या," ती म्हणाली. बाईंनी घेतलं. हजार पोरं हाताळलेली ती बाई, पण मूल कसं धरावं हे जणू विसरून गेल्यासारखी बसली होती. ओटी शेवटी चांगुणाची भरली, आणि चांगुणा लाजून अर्धी झाली.

त्यानंतर ओटीवरचा पट उठला. नवरे पुन्हा विड्या ओढत आत डोकावू लागले. बाई त्यांच्याशी नीट बोलायच्या, पण उभ्याउभ्या. मोहरी कुठे गेली ते मी विचारलं नाही.

दसरा जवळ आला. शेठच्या मनात त्या सकाळचं सलत असावं, कारण त्यांनी आपणहून मला सांगितलं, "बाईंना कळवा, यंदाचे सामने त्यांच्या नियमाने. शह बसल्यावर उडी." मी आनंदाने सूतिकागृहात गेलो. बाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या.

"नको," त्या म्हणाल्या.

"का? नियम चांगला आहे. शेठना पटलाय."

"चांगला आहे हे मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी हातातली घडी मोडून पुन्हा घातली. "त्या दिवशी राजा वाचला ना. उडी मारून बाहेर पडला, तो पुढेही सापडला नसता. जोमा खेळी शोधत होता आणि मला मनातून आनंद झाला होता. नियम बरोबर ठरला म्हणून. तेवढ्यात मूल रडलं." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पहिल्यांदा मला त्या रडण्याचा रागच आला. मध्येच काय, असं वाटलं. हे मी शेठना सांगितलं नाही."

मी जायला वळलो. तेव्हा त्या म्हणाल्या, "शेठना एवढंच सांगा. नियमात भर घालायचीच असेल तर अशी घाला, की खेळताना कुणाला बोलावणं आलं तर त्याने उठून जावं, डाव तिथेच थांबवावा, आणि उठणाऱ्याची हार धरू नये."

शेठनी तो नियम घातला. वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहूनही लावला. उडीचा नियम मात्र बाईंच्या इच्छेप्रमाणे घेतला नाही.

आता पुढचं सांगायला मला थोडं हसू येतं. सामन्यांच्या पहिल्या दिवशी सगळं ठीक चाललं. दुसऱ्या दिवशी कापडाच्या दुकानाचे मालक हरत आले, आणि नेमकं घरून बोलावणं आलं की पाहुणे आलेत. ते उठून गेले. डाव थांबला. संध्याकाळी एका वकिलाचा वजीर पडला आणि त्यांची सासू आजारी झाली. तिसऱ्या दिवशी तर वाचनालयाच्या दारात घराघरांतून माणसं येऊन उभी. एका डावात दोन्ही खेळणाऱ्यांना एकदमच बोलावणं आलं. दोघांनाही आपणच हरतोय असं वाटत होतं. शेवटी शेठनी फळा पुसून टाकला आणि त्या वर्षी कुणीच जिंकलं नाही.

मी हे बाईंना सांगितलं. त्यांना हसू येईल अशी माझी कल्पना. त्या हसल्याही, वकिलाच्या सासूपर्यंत. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्यांना कुणी बोलावलं नाही ते सगळे उठले." आणि पुन्हा कामाला लागल्या.

बाई त्यापुढे बरीच वर्षं पनवेलला होत्या. गावाने त्यांना फार मानलं. अडलेल्या बायका मोकळ्या केल्या, साथीच्या दिवसांत अंथरुणाला पाठ लावली नाही. लोक त्यांचं कौतुक करू लागले की त्या कावऱ्याबावऱ्या व्हायच्या, विषय चांगुणाकडे वळवायच्या. जोमाची मुलगी चालायला लागल्यावर तो तिला बाजाराच्या दिवशी मुद्दाम सूतिकागृहावर घेऊन येई. बाई तिला साखर देत, तिच्या आईची चौकशी करत.

वय झालं तसं त्यांनी काम सोडायचं ठरवलं. बहिणीकडे कोल्हापूरला जाऊन राहणार होत्या. शेठनी वाचनालयात निरोपाचा लहानसा समारंभ ठेवला. त्यांना तो नको होता, पण शेठ ऐकेनात. चांगुणा नवं लुगडं नेसून आली होती. जोमा आला होता, बरोबर बायको होती. बाईंना पुढच्या खुर्चीत बसवलं, गळ्यात हार घातला. शेठ बोलायला उभे राहिले. त्यांनी फार मनापासून बोलायला सुरुवात केली. या गावातली निम्मी माणसं बाईंच्या हातून या जगात आली, असं ते म्हणाले.

तेवढ्यात खाली रस्त्यावरून एक कोळीण चालली होती, तिने दुसरीला हाक मारली. "ए बाय."

बाई खुर्चीतून उठल्या. हार तसाच गळ्यात, लगबगीने बाकांच्या मधून त्या दारापर्यंत गेल्या आणि बाहेर वाकून बघितलं. शेठ बोलायचे थांबले. आम्ही सगळे माना वळवून त्यांच्याकडे बघत होतो. खाली त्या दोन कोळणी हसत बोलत पुढे निघूनही गेल्या होत्या.

बाईंच्या लक्षात आलं. त्या आमच्याकडे वळल्या, चेहरा कानांपर्यंत लाल झालेला. "चालू द्या, शेठ, तुमचं चालू द्या," असं पुटपुटल्या. जोमाच्या बायकोने सरकून आपल्या बाकावर जागा केली आणि त्यांना हाताने खूण केली. बाईंनी मान हलवून नको म्हटलं. शेठनी पुन्हा सुरुवात केली, पण बाई खुर्चीकडे परत आल्या नाहीत. भाषण संपेपर्यंत चौकटीला हात लावून त्या दारातच उभ्या राहिल्या, अर्धं तोंड रस्त्याकडे करून.